दोन भाकऱ्या

"सुटली! सुटली! अरे, हात लागला रेषेला!"

मी माईकमध्ये इतक्या जोरात ओरडलो की भोंग्यानं शीळच घातली. खाली मैदानावर धुरळ्यात पाच निळ्या जर्सींचा ढीग पडला होता. त्या ढिगाखालून एक बारीक हात बाहेर आला आणि मध्यरेषेवर टेकला. तो हात आमच्या कावेरी सांगळेचा. उपांत्य सामन्याचं शेवटचं मिनिट होतं आणि आम्ही पुढं गेलो होतो. आम्ही म्हणजे सातमाळा विद्यापीठ.

तुम्ही म्हणाल, हा रंगनाथ टेकाळे विद्यापीठाचा कोण लागून गेला? कोणी नाही. सातवी नापास माणूस मी. पण विद्यापीठाचं मैदान आणि माझी पिठाची गिरणी यांच्यात एकच भिंत आहे. विद्यापीठ निघालं त्या वर्षापासून मी त्याच्या संघांच्या नादी लागलो. खो-खो म्हणू नका, कुस्ती म्हणू नका, कबड्डी म्हणू नका, सामना असला की गिरणी बंद. मोठ्या विद्यापीठांची पोरं आम्हाला 'तालुका विद्यापीठ' म्हणून चिडवायची, ते ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. बारा वर्षांत एक करंडक आला नव्हता. तरी मी घरचं सागवान देऊन कार्यालयात काचेचं कपाट करून दिलं होतं, करंडक ठेवायला. त्यात कारकून चहाचे कप ठेवायचे. सामन्याला भोंगा माझा, माईक माझा आणि जीभ तर माझीच.

आणि कावेरी माझ्याच घरी राहायची. वसतिगृहात जागा मिळेना म्हणून मी गिरणीमागची खोली तिला दिली होती. दोन वर्षं झाली होती. मला मामा म्हणायची, माझ्या बायकोला, कौसल्येला, मामी. आम्हाला मूलबाळ नाही. कौसल्येनं त्या पोरीला केसांना तेल लावण्यापासून सगळं केलं.

तर ढीग उठला. कावेरी सगळ्यात शेवटी उठली. त्या झटापटीत कोणाचा तरी गुडघा तिच्या कानशिलावर बसलेला मी बघितला होता. मी मंचावर, उंचावर, मला सगळं दिसायचं. आमचे प्रशिक्षक दातीर सर पंचाशी गुणावरून हुज्जत घालत होते, त्यांची पाठ होती. कावेरीनं माती कपाळाला लावली, वळली आणि चालायला लागली. समोरच्या संघाच्या अंगणात गेली आणि त्यांच्या पोरींच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

मैदान एकदम चिडीचूप झालं. आता समालोचन करणाऱ्याला शांतता सोसत नाही. माझ्या तोंडून निघून गेलं, "बघा मंडळी बघा! आमची कावेरी पाहुण्यांकडं चहाला निघाली! अगं बाई, आधी मॅच तर संपव, चहा मी पाजतो!"

दोन हजार माणसं खो-खो हसली. दातीर सर वळले, त्यांनी नुसती हसणारी माणसं बघितली आणि तेही हसले. नलिनी म्हणून आमची एक पोरगी होती, तिनं कावेरीचा हात धरून तिला आपल्या बाजूला आणलं. कावेरीही हसली, पण सगळ्यांचं हसून झाल्यावर. मिनिटभरानं शिट्टी वाजली आणि आम्ही पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीत गेलो. मी मंचावरून उडी मारली ती थेट गुलालाच्या पोत्यात.

संध्याकाळी गिरणीवर ही गर्दी. दळणं राहिली बाजूला, जो तो उद्याच्या सामन्याचं विचारत होता. सकाळी दहाला अंतिम सामना, समोर मोठं विद्यापीठ. नाव घेत नाही, त्यांचा काही दोष नव्हता. मी पीठ उडवत हातवारे करून सांगत होतो, तेवढ्यात कावेरी मागच्या दारात येऊन उभी राहिली.

"मामा, गिरणी बंद करा ना थोडा वेळ."

"का गं?"

"डोक्यातच चाललीय असं वाटतंय."

दोन वर्षं ती पोरगी त्या गिरणीच्या आवाजात अभ्यास करत होती. आवाजात झोपायची, आवाज थांबला की जागी व्हायची. मी तिच्याकडं बघितलं. दिव्याचा उजेड नको म्हणून तिनं हात कपाळावर आडवा धरला होता. मी पट्टा उतरवला. लोक कुरकुरले, पण गेले.

ती ओट्यावर बसली. "उद्या कोणाशी आहे मामा?"

मी सांगितलं. ती बरं म्हणाली. कौसल्येनं ताट वाढून आणलं, भाकरी आणि पिठलं. कावेरीनं एक घास मोडला, तोंडाजवळ नेला आणि उठून मोरीकडं पळाली. ओकून आली, तोंड पुसलं आणि पुन्हा ओट्यावर बसली.

"उद्या कोणाशी आहे मामा?"

कौसल्या ताट हातात घेऊन तशीच उभी राहिली. "अहो, हिला डॉक्टरकडं न्या."

"उन्हानं झालं असेल," मी म्हटलं.

"उन्हानं माणूस तेच तेच विचारतं का? चौकात वाघचौरे डॉक्टर आठपर्यंत बसतात. आत्ता सव्वासात झालेत. उठा."

"नेतो ना. जरा बसू दे तिला."

कावेरीनं माझा हात धरला. तिचा हात गार पडला होता. "मामा, डॉक्टर नको. डॉक्टर सरांना सांगतील, सर मला बसवतील. मला खेळायचंय. सरांना सांगू नका, माझी शपथ आहे तुम्हाला."

नंतर कित्येक वर्षं मी या शपथेमागं लपलो. तिनंच सांगितलं होतं, पोरीचीच इच्छा होती, मी काय करणार, असं स्वतःला म्हणत राहिलो. खोटं आहे सगळं. तिनं शपथ घातली तेव्हा मला आतून हायसं वाटलं. तिनं नसती घातली तरी मी दातीर सरांना सांगितलं नसतं. माझ्या डोळ्यांसमोर ते काचेचं कपाट होतं.

आमचा एक नेम होता. सामन्याच्या आदल्या संध्याकाळी कावेरी माझ्यासमोर दम घालायची. एका श्वासात कबड्डी कबड्डी म्हणत जायचं आणि मी मोजायचं. मोजायला घड्याळ नव्हतं. गिरणीच्या पट्ट्याला जिथं शिवण असते ती चाकावरून गेली की टक असा आवाज येतो, त्या ठोक्यांवर मी मोजायचो. नव्वद ठोके जायचे तरी पोरीचा श्वास तुटायचा नाही. आणि माझा कान तयार होता. दाणे संपत आले, दगड झिजला, पट्टा सैल झाला, मला न बघता कळतं. गिरणीवाल्याला कानानंच कळतं सगळं. कावेरीचा दम असा सरळ धारेनं यायचा की तिला आज ताप आहे की आनंद, हे मी नुसतं ऐकून सांगायचो.

त्या दिवशी गिरणी बंद होती, म्हणून मी पत्र्याच्या डब्यावर बोटानं ठोके धरले. माझ्या मनाची खात्री करायला. खरं तर कौसल्येची खात्री पटवायला.

"घाल बरं दम."

"कबड्डी कबड्डी कबड्डी कबड्डी..."

वीस ठोके झाले, तीस झाले. आवाज जाडसर येत होता, जीभ टाळूला चिकटल्यासारखा. चाळीसच्या सुमाराला ती थांबली. श्वास संपला नव्हता, छाती भरलेली दिसत होती. ती माझ्याकडं बघायला लागली.

"मामा, पुढं काय असतं?"

माझं बोट डब्यावर तसंच राहिलं. कौसल्येनं तोंडाला पदर लावला.

आणि मी हसलो. खरंच सांगतो, हसलो मी. "अगं वेडे, कबड्डीच्या पुढं कबड्डीच असते!"

"हां," ती म्हणाली. "हां, खरंच की." आणि तीही हसली, तशीच, उशिरा.

"अहो, आता तरी उठा!" कौसल्या ओरडली. लग्नाला बावीस वर्षं झाली होती, ती माझ्यावर कधी ओरडली नव्हती.

"उठतो गं. तेवढी दगडाला टाकी मारून घेतो. उद्या दिवसभर सामना, परवा दळणांची रांग लागेल."

गिरणीचा दगड गुळगुळीत झाला की त्याला छिन्नीनं टोचे मारावे लागतात, नाहीतर पीठ जाड निघतं. ते काम दोन दिवसांनी केलं असतं तरी चाललं असतं. मी मांडी घालून बसलो आणि एकेक टोचा मारत राहिलो. कौसल्या दोनदा दारात येऊन गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा पायात चपला होत्या आणि कावेरीचा दंड तिनं धरला होता. "मी नेते," म्हणाली. तेवढ्यात चौकातून वाघचौरे डॉक्टरांच्या स्कूटरचा आवाज आला, गिरणीवरून पुढं गेला. आठ वाजून गेले होते. तो आवाज येईपर्यंतच मी तिथं बसलो होतो, हे तिला कळलं. मलाही कळलं.

कौसल्येनं चपला काढल्या. कावेरीला आत नेऊन निजवलं आणि तिच्या उशाशी बसून राहिली. कावेरीचं ते ताट सकाळी गायीपुढं गेलं.

सकाळी मैदानाला जत्रेचं रूप आलं होतं. गावानं दुकानं बंद ठेवली होती. कुलगुरू पहिल्या रांगेत बसले होते, करंडक टेबलावर चमकत होता. मी भोंगे बांधत होतो तेव्हा दातीर सर माझ्याजवळ आले. खेळाडूंवर जीव असलेला माणूस, घरचं दूध आणून पोरींना पाजायचा.

"टेकाळे, कावेरी जरा सुस्त दिसतेय हो. तुमच्याकडं होती. रात्री जेवली का? झोपली का नीट?"

तो माणूस माझ्या तोंडाकडं बघत उभा होता. एका शब्दाचं काम होतं.

"झकास, सर! दोन भाकऱ्या खाल्ल्या. वर पिठलं मागून घेतलं."

पिठल्याचं मला कोणी विचारलं नव्हतं. पण समालोचकाची जीभ, नुसतं 'जेवली' म्हणून थांबते होय? सरांचा चेहरा खुलला. "मग टेन्शन असेल," म्हणाले आणि शिट्टी गळ्यात घालून गेले.

सामना सुरू झाला. कावेरी दोनदा चढाईला गेली आणि दोन्ही वेळा सरळ जाऊन त्यांच्या हातात सापडली. असं ती कधी सापडायची नाही. मध्यंतरानंतर दातीर सरांनी तिला बाहेर बसवलं. ती बाकावर मान खाली घालून बसली. मी मंचावरून बघितलं, कौसल्या बायकांच्या गर्दीतून वाट काढत तिच्याजवळ गेली, तिला पाण्याचा तांब्या दिला. आणि तिथून तिनं वर माझ्याकडं बघितलं. हात जोडले.

त्यावेळी जरी मी गप्प बसलो असतो! नुसतं गप्प. सरांनी तिला बसवलंच होतं. सामना हरलो असतो, बारा वर्षं हरत होतो, तेरावं वर्ष झालं असतं. पण शेवटची दोन मिनिटं राहिली आणि आम्ही एका गुणानं मागं होतो. बावीस-एकवीस. मी माईक दोन्ही हातांनी धरला.

"मंडळी! ही ढाण्या वाघीण बाकावर कशाला बसलीय? आपल्याला कोण पाहिजे?"

दोन हजार माणसं ओरडली, "कावेरी!"

"ऐकू नाही आलं!"

"कावेरी! कावेरी! कावेरी!"

दातीर सरांनी गर्दीकडं बघितलं. कुलगुरूंकडं बघितलं, तेसुद्धा टाळ्या वाजवत होते. सर कावेरीपाशी वाकले, काहीतरी विचारलं, तिनं मान हलवली. कौसल्येनं तिचा हात धरून ठेवला होता, तो तिनं हळूच सोडवला.

ती आत आली. यावेळी आपल्या बाजूला बरोबर उभी राहिली. चढाईची पाळी आली, तिनं रेषेला हात लावला, तो कपाळाला लावला, आणि दम घातला. एवढा कल्लोळ होता, पण मला दुसरं काही ऐकूच येत नव्हतं. कबड्डी कबड्डी कबड्डी. तो आवाज माझ्या ओळखीचा नव्हता. दाणे संपून दगडावर दगड फिरायला लागला की जसा येतो तसा होता. अशा वेळी गिरणी बंद करायची असते, पोरंसोरंही जाणतात. माझ्या हातात माईक होता आणि मी मोजत होतो.

कोपऱ्यातली पोरगी तिच्या पायावर झेपावली. कावेरीनं तिला चुकवताना एकीला हात लावला, दुसरीला पायाची बोटं लावली आणि ती परत फिरली. सरळ चालत आली, पळालीसुद्धा नाही. मध्यरेषा ओलांडली. पंचाची दोन बोटं वर गेली. तेवीस-बावीस. पुढची त्यांची चढाई वाया गेली आणि शिट्टी झाली.

काय ओरडलो मला आठवत नाही. लोक म्हणतात, मी माईक टाकून रडत होतो. टोप्या उडाल्या, गुलाल उडाला, कोणी मला खांद्यावर घेतलं. आणि त्या खांद्यावरून मला दिसलं, कावेरी मैदानाच्या कडेला मातीत बसली होती. तिच्याभोवती पोरी नाचत होत्या. कौसल्या तिच्यासमोर गुडघ्यावर होती, तिचे गाल धरून काहीतरी सांगत होती. मी खाली उतरून धावत गेलो.

कावेरीचा दम चालूच होता.

"कबड्डी कबड्डी कबड्डी..." श्वास घ्यायची आणि पुन्हा सुरू करायची. डोळे उघडे होते, पण ती आमच्याकडं बघत नव्हती.

"बाळा, संपलं आता, थांब," कौसल्या म्हणत होती. "जिंकलीस गं तू. थांब आता."

ती थांबेना. कुलगुरूंच्या जीपमध्ये घालून आम्ही तिला जिल्ह्याच्या गावी नेलं. सर पुढं बसले होते. डोकं कौसल्येच्या मांडीवर, पाय माझ्या मांडीवर. रस्ताभर बारीक आवाजात कबड्डी कबड्डी चालली होती, दोन शब्दांमधलं अंतर वाढत होतं आणि माझं बोट माझ्याच गुडघ्यावर ठोके धरत होतं. मी ते बोट थांबवायला बघत होतो. रेल्वेच्या फाटकाजवळ आवाज बंद झाला. श्वास होता, पण आवाज पुन्हा आला नाही.

इस्पितळात कौसल्या आत कावेरीपाशी थांबली. बाहेर आम्हाला तरुण डॉक्टर भेटला. त्यानं विचारलं, "हा आजचा मार नाही. काल लागलं होतं का? रात्री उलटी, चक्कर, बडबड काही?"

मी तोंड उघडायच्या आत दातीर सर म्हणाले, "नाही हो डॉक्टर. रात्री छान जेवली, दोन भाकऱ्या खाल्ल्या. यांच्याच घरी होती, विचारा."

डॉक्टरनं माझ्याकडं बघितलं. मी होय म्हणून मान हलवली.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती गेली. एकवीस वर्षांची होती.

तेराव्याला आम्ही तिच्या गावी गेलो. तिचे वडील, पुंजा सांगळे, कोरड्या डोळ्यांचा उंच माणूस. मला वाटलं, गळा धरेल. धरला असता तर बरं झालं असतं. त्यांनी भावकीत मला आपल्या शेजारी बसवलं आणि सगळ्यांना सांगितलं, "या माणसानं माझी पोर लेकीसारखी सांभाळली. सर सांगत होते, शेवटचं जेवणसुद्धा पोटभर झालं तिचं. दोन भाकऱ्या खाल्ल्या. पिठलं मागून घेतलं. उपाशी गेली नाही माझी पोर. तेवढंच धरून बसलोय बघा मी." मग कौसल्येकडं वळून म्हणाले, "वहिनी, तुमच्या हातची भाकरी तिला लई आवडायची. खाल्ली ना हो दोन?"

मी जमिनीकडं बघत होतो. आता ही सांगणार, माझा निवाडा इथंच होणार, म्हणून वाट बघत होतो. आणि तो व्हावा असंही वाटत होतं.

"हो दादा," कौसल्या म्हणाली. "दोन खाल्ल्या. वर पिठलं मागून घेतलं."

त्या सामन्यानंतर मी माईक हातात धरला नाही. भोंगे विकून टाकले. करंडक माझ्याच कपाटात आहे, शेजारी कावेरीचा फोटो. विद्यापीठानं मला शाल-नारळ दिला, 'निष्ठावंत क्रीडाप्रेमी' म्हणून. आता त्या विजयाला पंचवीस वर्षं झाली म्हणून रौप्यमहोत्सवी स्मरणिका काढताहेत, परवा दोन मुली येऊन गेल्या. आजोबा, त्या विजयाची आठवण लिहून द्या म्हणाल्या. म्हणून हे बसून लिहिलं. देईन की नाही, माहीत नाही.

कौसल्येनं मला कधी बोल लावला नाही. संसार केला, माझी दुखणी काढली. आमच्यात त्या रात्रीचा शब्दसुद्धा निघाला नाही. फक्त दर वर्षी त्या तारखेला संध्याकाळी सव्वासातला ती मला ओट्यावर बसवते. ताट आणून पुढं ठेवते. दोन भाकऱ्या आणि पिठलं. आणि समोर बसते.

आता मला सत्तरावं लागलंय, दात नाहीत, एक भाकरी पचत नाही. काल ती तारीख होती. पहिली भाकरी कशीबशी संपवली आणि मी म्हटलं, "पुरे गं. नाही जात."

तिनं पिठल्याचं भांडं उचललं आणि माझ्या ताटात पुन्हा वाढलं.

"खा," म्हणाली. "मागून घेतलं होतं ना."

मी दुसरी भाकरी मोडली.